प्रत्येक विषयाच्या तासाला लेखणी!

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. नागपूरपाठोपाठ हा मान या भूमीला मिळाला. तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. आज या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांत आपले अनेक समाजबांधव शिक्षक आहेत. दीक्षाभूमीला वंदन करताना त्यांनी बाबासाहेब वाचायला-लिहायला कसे शिकले, याचाही विचार करावा.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. खरी शाळा घरी होती. लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले वडील सुभेदार रामजी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेत. भाषांतरात घोकंपट्टी चालत नाही. वाचलेले समजले तरच लिहिता येते. पुढे मुंबईत अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले गेले, तेव्हा ते फारशी शिकले. नंतर संस्कृतही स्वतः अभ्यासले आणि त्याच ग्रंथांच्या आधारे १९४६ साली शूद्रांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक विषय त्यांनी घेतले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. वर्गासाठी लिहिलेला तो निबंध जातिव्यवस्थेच्या अभ्यासात आजही वाचला जातो. विषय परका, भाषा परकी. पण लिहिले ते स्वतःच्या समाजाच्या दुःखाबद्दल! १९२० साली त्याच लेखणीतून 'मूकनायक' निघाला.

आपल्या वर्गांत काय चालते? गणिताच्या तासाला फळ्यावरचे उतरवायचे, विज्ञानाची उत्तरे गाईडमधून पाठ करायची. लिहिणे म्हणजे मराठीच्या गुरुजींचे काम, अशी समजूत! घरी गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल गणितात मागे पडते, तेव्हा पुष्कळदा त्याला हिशेब येत नसतो असे नाही. उदाहरणाची भाषाच कळत नसते. तेंदूपानाच्या हंगामात तेच मूल सत्तर पानांचा पुडका बिनचूक बांधते. त्या पुडक्यांच्या मजुरीचे उदाहरण मुलांनाच लिहू द्या. मोहफूल, धानाची रोवणी यांवर विज्ञान-भूगोलाच्या तासाला चार ओळी लिहून घ्या. आधी त्यांच्या बोलीत बोलू द्या, मग मराठीत लिहू द्या. नवा शब्द आला की त्याचा बोलीतला अर्थ वहीत शेजारी लिहू द्या. याला पैसा लागत नाही, इच्छा लागते.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे कागदावरच लढावे लागतात. मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून वाचले, समजून घेतले आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्यावर दुसराच राज्य करतो. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. त्यांना अभिवादन करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने उद्यापासून आपल्या विषयाच्या तासाला मुलांच्या हाती लेखणी द्यावी.