अध्यक्षांची सहधर्मिणी : सावित्रीबाई फुले

ज्या देशांत लोक आपला राष्ट्राध्यक्ष निवडतात, त्या देशांत राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीसही मोठा मान मिळतो. अमेरिकेत तीस देशातील पहिली महिला म्हणतात. परंतु त्या देशाच्या घटनेत तिच्यासाठी कोणतेही पद सांगितलेले नाही, आणि तीस वेतनही नाही. तिचा मान पतीच्या खुर्चीला बांधलेला असतो. खुर्ची गेली की बहुधा मानही जातो. ह्याला अपवाद म्हणून एलिनॉर रूझवेल्ट ह्यांचे नाव घेतात. त्यांचे पती 1945 साली वारले. पुढल्याच वर्षी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या, आणि 1948 साली मानवी हक्कांचा जाहीरनामा जगापुढे आला. पण असा अपवाद आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही अर्धशतक आधी होऊन गेला, हे आपल्या गावमंडळ्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून सत्यशोधक समाजाचे अध्यक्ष जोतीराव फुले ह्यांच्या सहधर्मिणी सावित्रीबाई ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे पाटलांच्या घरी झाला. 1840 साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीरावांशी झाले. तेव्हा जोतीरावांचे वय तेरा वर्षांचे होते. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जे आपण शिकलो ते घरातील स्त्रीस का शिकवू नये, असे मनात येऊन त्यांनी पत्नीस लिहावयास व वाचावयास शिकविले. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर संकट येते, अशी समजूत असलेला तो काळ होता.

ह्या चरित्राचा एक धागा आपल्या जिल्ह्याशीही जुळलेला आहे. मिस सिंथिया फॅरार ह्या अमेरिकन बाई 1827 साली मुंबईस आल्या, आणि 1839 पासून अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या अविवाहित होत्या. कोणा मिशनरी साहेबाच्या पत्नी म्हणून नव्हे, तर शिक्षिका म्हणूनच त्या ह्या देशी आल्या, आणि 1862 साली नगरातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या शाळा पाहून जोतीरावांच्या मनाने घेतले की पुण्यातही असे काम झाले पाहिजे. पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, ते नगरास फॅरारबाईंच्या हाताखाली आणि पुण्यास मिचेलबाईंच्या शाळेत. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फुले पतिपत्नींनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि त्यांस आपल्यात ओढून घेण्याचा आमचा हेतू नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लागला, इतकेच आम्ही सांगतो.

1848 साली पुण्यात बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तीत शिकवू लागल्या, तेव्हा त्यांस अठरावे वर्ष होते. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकीत. म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत आणि शाळेत गेल्यावर बदलीत. लोकनिंदेला भिऊन सासरे गोविंदराव ह्यांनी उभयतांस घराबाहेर काढले. तरी शाळा बंद पडली नाही. उलट आणखी शाळा निघाल्या, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांमुलींसाठीही निघाल्या. 1852 साली सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सन्मान केला.

त्याच वर्षी संक्रांतीला पुण्यात स्त्रियांचा तिळगुळाचा समारंभ झाला. सर्व जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसावे, असे निमंत्रणात होते. ते निमंत्रण सावित्रीबाईंच्या नावाने निघाले. अध्यक्षस्थान मात्र कलेक्टरसाहेबांच्या पत्नीकडे होते. साहेबांच्या हुद्द्यामुळे बाईसाहेबांस खुर्ची मिळाली. बायकांस एकत्र आणण्याचे कष्ट मात्र जिला खुर्ची नव्हती तिने केले. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पुढे 1863 साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवा लोकलज्जेने आपली अर्भके मारीत किंवा स्वतः जीव देत. अशांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, अशी सोय होती. त्या बाळंतिणींची सेवा सावित्रीबाई करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. 1868 साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला.

24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि जोतीराव त्याचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे सावित्रीबाई अध्यक्षांच्या पत्नी झाल्या त्या वेळी त्यांच्या पाठीशी स्वतःच्या कामाची पंचवीस वर्षे होती, आणि 1854 साली छापलेला काव्यफुले हा स्वतःच्या कवितांचा संग्रहही होता. 1876 व 1877 सालच्या मोठ्या दुष्काळात त्या जुन्नर भागात ओतूर येथे गेल्या. तेथून त्यांनी पतीस लिहिलेल्या पत्रात भुकेल्या लोकांचे हाल व सावकारांचा जुलूम सांगितला आहे. समाजाच्या कार्यकर्त्यांस पकडले तेव्हा त्यांनी स्वतः कलेक्टरांशी बोलून त्यांस सोडविले. त्या वेळी जोतीराव त्यांच्याजवळ नव्हते.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे ह्यावर भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक पुत्राचा अधिकार त्यांस मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती घेऊन यात्रेपुढे चालावयास आरंभ केला. विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, अशी ज्या काळाची रीत होती, त्या काळी हे घडले. इतकेच नव्हे, तर 1893 साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. ज्या समाजाच्या अध्यक्षांची त्या पत्नी होत्या, त्याच समाजाच्या परिषदेत त्या विधवा असता अध्यक्षा झाल्या. ही खुर्ची पतीच्या वारशाने आलेली नव्हती.

1897 साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. यशवंतरावांनी हडपसरनजीक रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांस तेथे आणू लागल्या. मुंढवा येथील महारवाड्यात एक मुलगा आजारी पडल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या ह्या बाईंनी त्यास पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचविले. तो रोग त्यांसही जडला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. 2014 साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

आता शेवगाव भागातील आपल्या मंडळ्यांकडे वळू. पाळकाची किंवा उपदेशकाची पत्नी म्हणजे महिला मंडळाची अध्यक्षा, असे आपण पुष्कळ ठिकाणी न विचारताच ठरवून टाकतो. तिला त्या कामाची आवड आहे काय, तिला ते शिकविले आहे काय, हे कोणी पाहत नाही. आणि पती वारला म्हणजे तीच बाई मंडळीच्या मागल्या रांगेत बसते. काल तिचा सल्ला घेणारे आज तिला ओळख देत नाहीत. दोन्ही वेळी आपण तिच्या पतीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिलेच नाही. आम्हां पाळकांवरही ह्याचा दोष येतो.

सावित्रीबाईंस हे भोगावे लागले नाही, कारण त्यांच्या हाती विद्या होती आणि ती पतीने त्यांस पद मिळण्याच्या फार आधी दिली होती. तेव्हा उपदेशक बंधूंनो, आपल्या पत्नीस सभेत पुढे बसविण्यापूर्वी घरी तिच्यासमोर पुस्तक ठेवा. मंडळीच्या पंचांनो, उपदेशकाच्या विधवेस तिचे काम करू द्या. आणि मातापित्यांनो, ऊसतोडीचा हंगाम आला म्हणून मुलीस शाळेतून काढून धाकट्या भावंडांच्या राखणीस नेऊ नका. तिचा नवरा उद्या कोण होईल आणि किती दिवस सोबत राहील, हे आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही. तिची विद्या मात्र तिच्याजवळच राहील.