नर वाघाच्या आवाजात साद घालून जिम कॉर्बेटनी नरभक्षक वाघिणीला समोर बोलावलं होतं

30 नोव्हेंबर 1938 ची संध्याकाळ.

आजच्या उत्तराखंडात, नेपाळच्या सीमेजवळ शारदा नदीच्या वरच्या डोंगरात ठाक नावाचं गाव आहे. त्या संध्याकाळी या गावात एकही माणूस नव्हता. नरभक्षक वाघिणीच्या भीतीने सगळं गाव घरंदारं टाकून निघून गेलं होतं.

गावाजवळच्या पायवाटेवर 63 वर्षांचा एक माणूस खडकाला टेकून उभा होता. हातात रायफल होती. मागे सोबतची माणसं आणि आमिषासाठी आणलेल्या बकऱ्या दबा धरून बसल्या होत्या. उजेड मिनिटामिनिटाला कमी होत होता.

आणि हा माणूस चक्क नर वाघासारखा आवाज काढत होता.

पलीकडच्या जंगलातून वाघीण त्याला उत्तर देत होती. प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज जवळ येत होता.

तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट.

कॉर्बेट म्हटलं की आपल्याला नॅशनल पार्क आठवतं, जिप्सी सफारी आठवते, फार तर नरभक्षक वाघांच्या गोष्टी आठवतात. पण कॉर्बेटकडे बंदुकीइतकंच भारी एक हत्यार होतं. ते म्हणजे त्यांचा गळा.

आपल्याकडे हाक्याची शिकार माहिती असते. ढोल-डबे वाजवत, आरडाओरडा करत माणसं जंगल उठवतात आणि जनावराला शिकाऱ्याकडे हाकतात. सादेची शिकार याच्या बरोबर उलट असते. इथे शिकारी एका जागी गप्प बसतो आणि जनावर आपल्या पायांनी त्याच्याकडे येतं.

हे जमवायचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे सावजाचा आवाज. अमेरिकेत कोयोट मारणारे शिकारी आजही जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करतात. आयतं खाणं मिळेल या आशेने कोयोट धावत येतो. दुसरा मार्ग म्हणजे जोडीदाराचा किंवा प्रतिस्पर्ध्याचा आवाज. वाघ एकटा राहणारा प्राणी. माजावर आलेली वाघीण आणि नर एकमेकांना शोधतात ते मुख्यतः वासावर आणि आवाजावर. डोंगरदऱ्यांत ही साद दूरवर जाते. त्या वेळी योग्य सूर लागला तर वाघ माणसालाही उत्तर देतो.

मात्र सूर चुकला तर खेळ संपतो. आणि सूर जमला तर वाघ खरोखरच समोर येऊन उभा राहतो.

आता हा सूर कॉर्बेटच्या गळ्यात आला कुठून?

जिम यांचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. वडील क्रिस्टोफर तिथले पोस्टमास्तर. कुटुंब मोठं होतं. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली तराईच्या काठावर कालाढुंगीला, असं वर्ष जायचं. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. घर आई मेरी जेन यांनी सांभाळलं.

कालाढुंगीत घराच्या मागे जंगल सुरू व्हायचं. मोर कधी ओरडतो, वानर कशाला बघून खोकतं, भेकर का भुंकतं, चितळ कुठल्या दिशेला तोंड करून इशारा देतं, हे या पोराला पुस्तकाआधी कळायला लागलं. कुंवर सिंग नावाचा एक चोरटा शिकारी त्यांचा गुरू झाला. हाताशी एक ठासणीची दुनळी बंदूक होती, तिचीही एक नळी फाटलेली. काडतुसांची चैन नव्हती, त्यामुळे बंदूक उडवण्यापेक्षा कान उघडे ठेवणं जास्त परवडायचं.

ऐकता ऐकता नक्कल आली. पक्ष्यांपासून बिबट्यापर्यंत आवाज काढता यायला लागले.

पण शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ते रेल्वेत चिकटले. आधी इंजिनांसाठी लाकूडफाटा तोडून घेण्याचं काम, मग बिहारमधल्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट. गंगेच्या काठावर हमालांसोबत त्यांनी वीसहून जास्त वर्षं काढली. नरभक्षकांच्या मागे ते जायचे ते सुट्टी काढून.

1907 साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावणं आलं. या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊं मिळून 436 माणसं मारल्याचं सांगितलं जातं. कॉर्बेटनी सरकारपुढे दोन अटी ठेवल्या. एक, वाघिणीवर लावलेलं बक्षीस रद्द करा. दोन, बाकीचे सगळे शिकारी जंगलातून बाहेर काढा. बक्षिसासाठी मारणारा शिकारी म्हणवून घेणं त्यांना नको होतं, आणि दुसऱ्याची चुकलेली गोळी खाणंही नको होतं.

वाघीण मारल्यावर त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. कधीतरी कुणाच्या तरी बंदुकीने ते तोडले होते. हरणं-रानडुकरं मारणं तिला जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे माणूसखाऊ वाघीण तयार करण्यात माणसाचाच हात होता. ही गोष्ट पुढे त्यांना पुन्हा पुन्हा दिसत राहिली.

पुढचं मोठं प्रकरण रुद्रप्रयागच्या बिबट्याचं. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर 1918 ते 1926 अशी आठ वर्षं या बिबट्याने दहशत माजवली. सरकारी नोंदीत 125 बळी. अंधार पडला की गावंच्या गावं दारं लावून घ्यायची. विष झालं, सापळे झाले, तो सगळ्यांतून सुटला.

एका रात्री हा बिबट्या मादीसाठी साद घालत फिरत होता. कॉर्बेट पाइनच्या झाडावर चढून बसले आणि त्याला उत्तर द्यायला लागले. बिबट्या फसला. तो डोंगर उतरून त्यांच्या दिशेने यायला लागला. आता दिसेल, मग दिसेल, असं चाललेलं असताना दुसरीकडून एका खऱ्या मादीने आवाज दिला.

बिबट्या तिकडे निघून गेला.

नकली आवाज कितीही हुबेहूब असला तरी खऱ्यापुढे त्याचं काही चाललं नाही. त्यानंतरही त्या बिबट्याने माणसं मारलीच. शेवटी मे 1926 मध्ये गुलाबराय इथे, आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून, खाली घंटा बांधलेली बकरी ठेवून कॉर्बेटनी त्याला मारलं. निघाला तो एक म्हातारा नर.

इथपर्यंत कॉर्बेट आपल्याला सरळ सरळ हिरो वाटतात. पण याच आवाजाची दुसरी बाजूही आहे.

पोवलगढच्या जंगलात एक प्रचंड नर वाघ होता. त्याने कुणा माणसाला मारलेलं नव्हतं. पण त्याच्या आकारामुळे दहा वर्षं प्रांतातले शिकारी त्याच्या मागे होते. 1930 च्या हिवाळ्यात हा वाघ मादीला साद घालत फिरत होता. कॉर्बेटनी वाघिणीच्या आवाजात उत्तर दिलं. वाघ आला आणि गोळी खाऊन जखमी होऊन निसटला. पुढे त्याचा माग काढून त्यांनी त्याला मारलं. लांबी भरली 10 फूट 7 इंच.

इथे गाव वाचवायचं नव्हतं, सूडही घ्यायचा नव्हता. हवी होती ती फक्त ट्रॉफी. विशेष म्हणजे ही गोष्ट कॉर्बेटनी लपवली नाही, स्वतःच लिहून ठेवली.

पण त्यांच्यात बदलही याच काळात होत होता. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो बघून कॉर्बेटनी कॅमेरा हातात घेतला. पुढे तर त्यांनी जंगलात ओढ्याकाठी एक स्टुडिओच उभा केला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकतात म्हणून ओढ्याला छोटे छोटे बांध घातले, म्हणजे पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडेल. चार महिने खपून त्यांनी सात वाघ फिल्मवर टिपले. ट्रॉफी भिंतीवर टांगली की तिचा मालक एकटाच खूष होतो, फोटोचा आनंद मात्र सगळ्यांना घेता येतो, असं त्यांचं मत झालं होतं.

1936 साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचं नाव हेली नॅशनल पार्क. ते व्हावं म्हणून धडपडणाऱ्यांत कॉर्बेट होते.

आणि मग आली 1938 ची ठाकची वाघीण.

सप्टेंबरमध्ये 12 वर्षांच्या एका मुलीचा बळी गेल्याची खबर नैनितालला पोहोचली. पुढे बळींचा आकडा चारवर गेला. ही आपली शेवटची शिकार, असं कॉर्बेटनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी आमिषं बांधली, झाडांवर रात्री काढल्या, पण वाघीण हाती लागेना. 30 नोव्हेंबर हा त्यांनी स्वतःला दिलेला शेवटचा दिवस.

त्या संध्याकाळी निराश होऊन खाली परतत असताना वाघिणीचा आवाज आला. ती माजावर होती आणि नराला शोधत होती. मग कॉर्बेटनी तिला नराच्या आवाजात उत्तर दिलं.

यात धोका किती होता बघा. अंधार पडत आलेला. सोबत बिनहत्यारी माणसं. वाघीण येणार हे नक्की, पण नेम धरता येईल इतक्या उजेडात येईल का, हे नक्की नाही. उशीर झाला असता तर अंधारात नरभक्षक वाघीण आणि तिला स्वतःहून बोलावणारी माणसं समोरासमोर आली असती.

पायाखाली नीट उभं राहायलाही जागा नव्हती. कॉर्बेट खडकावर रायफल रोखून कसेबसे तोल सांभाळत होते. वाघीण आली. काही पावलांवर तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि रायफल कडाडली. रायफलच्या धक्क्याने कॉर्बेट मागे माणसांच्या आणि बकऱ्यांच्या अंगावर कोसळले.

नंतर तपासलं तर वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा होत्या. त्यातली एक चिघळलेली.

पुन्हा तेच. कुणीतरी अर्धवट गोळी घालून तिला सोडून दिलं होतं. त्याची किंमत त्या चार घरांनी मोजली आणि शेवटी वाघिणीनेही. ती आली होती जोडीदाराच्या हाकेला ओ देऊन. गावं वाचली हे खरं, पण ही गोष्ट वाचताना जिंकल्यासारखं वाटत नाही, हेही तितकंच खरं.

पुढे 1944 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मॅन-इटर्स ऑफ कुमाऊं हे पुस्तक छापलं, आणि ते छापलं आपल्या मुंबईतून. पहिल्या आवृत्तीचं उत्पन्न कॉर्बेटनी युद्धात डोळे गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला देऊन टाकलं. पुस्तक जगभर गाजलं. वाघ मुळात क्रूर नसतो, जखम किंवा म्हातारपण त्याला माणसाकडे ढकलतं, हे लाखो लोकांनी पहिल्यांदा वाचलं ते याच पुस्तकात. तेही वाघ मारणाऱ्या माणसाकडून.

कुमाऊंची माणसं त्यांना कारपेट साहेब म्हणायची. पण 1947 च्या अखेरीस हे कारपेट साहेब बहीण मॅगीसोबत केनियाला निघून गेले. न्येरी गावात 19 एप्रिल 1955 ला ते वारले, तिथेच त्यांची कबर आहे. 1957 साली हेली पार्कला त्यांचं नाव मिळालं. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही याच पार्कमधून झाली.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर वाघाची हौसेची शिकार हा गुन्हा आहे. पण वाघाला फसवून बोलावण्याची वेळ संपलेली नाही. 2018 साली आपल्या यवतमाळमध्ये अवनी वाघिणीला शोधताना तिला ओढण्यासाठी परफ्यूम वापरल्याच्या बातम्या जगभर गेल्या. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण गोळीनेच गेली आणि तिला मारायला हवं होतं का, यावर आजही लोक भांडतात.

कॉर्बेटच्या वेळी साद होती, आता अत्तर आलं. वाघ मारल्यावर त्याचं तोंड उघडून, जखमा तपासून तो माणसांकडे का वळला हे विचारायची कॉर्बेटची सवय मात्र आजही तितकीच गरजेची आहे.