पारा आणि आल्फ्रेड स्टॉक

शाळेत थर्मामीटर फुटला की सांडलेला पारा तळहातावर घेऊन खेळण्याची हौस आपल्यापैकी कित्येकांनी भागवली असेल. त्या चकचकीत थेंबांतून न दिसणारी वाफ सतत उठत असते. ती माणसाचे काय करते, हे स्वतः भोगून ज्यांनी जगाला सांगितले, ते आल्फ्रेड स्टॉक.

त्यांचा जन्म १८७६ साली डान्झिग येथे झाला. (हे शहर आता पोलंडमध्ये आहे.) बर्लिनला एमिल फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि वर्षभर पॅरिसला मोआसाँ यांच्याकडे काम केले. सेंद्रिय रसायनाचा तो वैभवाचा काळ होता. स्टॉक मात्र उपेक्षित असेंद्रिय शाखेकडे वळले. १९०९ मध्ये ते ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले आणि तेथे बोरॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांच्या मागे लागले.

ही संयुगे महाकठीण! काही हवेशी गाठ पडताच पेट घेतात, काही पाण्याने विघटित होतात, काचेच्या तोट्यांना लावलेले ग्रीसही खराब करतात. स्टॉक यांनी संपूर्ण बंदिस्त, निर्वात अशी काचेची उपकरणे उभारली आणि तोट्यांऐवजी पाऱ्याच्या झडपा बसवल्या. वर्षानुवर्षे खपून त्यांनी अशी सहा संयुगे वेगळी केली. लोहाच्या संयुगांच्या नावात आज जे रोमन आकडे लिहितात, ती पद्धतही त्यांनीच १९१९ मध्ये सुचवली.

परंतु पाऱ्याने आपले मोल वसूल केले. डोकेदुखी, चक्कर, चोंदलेले नाक, मंद होत गेलेली श्रवणशक्ती. नुकतेच वाचलेले पुस्तक, पाहिलेले नाटक आठवेना. अध्यापकाच्या बाबतीत याहून मोठे संकट कोणते? कारण उमगले ते १९२४ मध्ये. १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला आणि त्यात स्वतःची दुर्दशा न लपवता मांडली. पुढे हवेतील व शरीरातील अत्यल्प पारा मोजण्याच्या रीतीही त्यांनी बसवल्या. आपल्याकडील रसवैद्य पाऱ्याला ‘रस’ म्हणत, पण शोधन केल्याशिवाय तो औषधात वापरू नये असा त्यांचा दंडक होता. युरोपातील प्रयोगशाळांत तो खुशाल उघडा पडलेला असे!

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र खटकते. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि १९३६ ते १९३८ या काळात जर्मन केमिकल सोसायटीचे अध्यक्षही. जी निर्भयता त्यांनी पाऱ्याविरुद्ध दाखवली, ती येथे दिसत नाही.

१९३६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी कार्ल्सरूहची प्राध्यापकी सोडली. महायुद्धाच्या धामधुमीत घर सुटले आणि १२ ऑगस्ट १९४६ रोजी एल्बे नदीकाठच्या आकेन गावी त्यांचे निधन झाले. त्यांना नोबेल मिळाले नाही. त्यांच्या त्या संयुगांची रचना उलगडण्याबद्दल १९७६ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते अमेरिकेच्या लिप्सकोम्ब यांना मिळाले.