विश्लेषण : जुन्या संगणकाची फ्लॉपी शोधणे इतके अवघड का? ‘सॉफ्टवेअरसकट संगणक’ विकणारे ॲडम ऑस्बोर्न कोण होते?

सीताबर्डीच्या बाजारात आज लॅपटॉप घेतला, की ऑपरेटिंग सिस्टीम त्यात आधीच टाकलेली असते. घरी आणायचा आणि चालू करायचा. १९८० च्या सुमारास मात्र मशीन एकाकडून, सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून अशी खरेदी करावी लागे. ही पद्धत मोडणाऱ्यांत ॲडम ऑस्बोर्न यांचे नाव ठळक आहे. त्यांचे बालपण आणि अखेरची वर्षे भारतात गेली.

भारताशी नाते काय?

ऑस्बोर्न यांचा जन्म १९३९ मध्ये बँकॉकचा. वडील आर्थर ऑस्बोर्न हे इंग्रज लेखक आणि रमण महर्षींचे भक्त. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी वडिलांना थायलंडमध्ये कैदेत ठेवले. त्या काळात आई मुलांसह तमिळनाडूतील तिरुवण्णामलैला राहत होती. पुढे ॲडम शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठातून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून पीएच.डी. घेतल्यावर त्यांनी शेल कंपनीत नोकरी केली. मात्र नाव झाले ते मायक्रोप्रोसेसर सोप्या भाषेत समजावणाऱ्या पुस्तकांमुळे. ही प्रकाशन संस्था त्यांनी १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलला विकली.

‘ऑस्बोर्न १’ मध्ये नवे काय होते?

एप्रिल १९८१ मध्ये हा संगणक सादर झाला. रचना ली फेल्सेनस्टाइन यांची. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, मेमरी ६४ किलोबाइट, पडदा अवघा ५ इंची. बॅटरी नव्हती. तरीही झाकण लावून उचलता येणारा, विमानातील आसनाखाली मावणारा हा संगणक होता.

खरी कमाल सोबतच्या फ्लॉपींची होती. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम, लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा, हे सारे त्याच किमतीत. सुटे घेतले असते, तर सॉफ्टवेअरचाच खर्च मशीनच्या आसपास गेला असता. भरात असताना महिन्याला १० हजारांपर्यंत संगणक विकले गेले.

मग कंपनी का बुडाली?

१९८३ मध्ये पुढच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ या मॉडेलची चर्चा आधीच झाली आणि ग्राहकांनी जुन्याची खरेदी थांबवली, असे सांगितले जाते. व्यवसायशास्त्रात याला ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात. पण एवढेच कारण नव्हते. मोठ्या पडद्याचा, स्वस्त आणि सॉफ्टवेअरसह मिळणारा कायप्रो बाजारात होता. शिवाय ग्राहक आयबीएम पीसीकडे वळत होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

ऑस्बोर्न यांनी १९८४ मध्ये ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ काढली. सॉफ्टवेअर पुस्तकासारखे स्वस्त मिळावे, हा विचार त्यामागे होता. त्यांचे व्हीपी-प्लॅनर १०० डॉलरच्या आत मिळे. त्याची आज्ञा-रचना आपल्या १-२-३ वरून उचलल्याचा दावा लोटसने केला आणि १९९० मध्ये खटला जिंकला. आजारपणामुळे ऑस्बोर्न १९९२ मध्ये भारतात परतले. १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले.

आज या फ्लॉपी वाचणे कठीण का?

ऑस्बोर्न १ मध्ये हार्ड डिस्क नव्हती. त्यामुळे फ्लॉपी नसेल, तर मशीन सुरू होऊनही कामाचे नाही. दुसऱ्या कंपनीची सीपी/एम फ्लॉपी चालेलच असेही नाही, कारण प्रत्येक कंपनी माहिती आपापल्या पद्धतीने मांडत असे. ऑस्बोर्नच्या सुरुवातीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर वापरायला जेमतेम ९० किलोबाइट जागा मिळे. ती ‘सिंगल डेन्सिटी’ असल्याने नंतरच्या अनेक पीसींना वाचताच येत नाही.

त्यात चकतीवरचा चुंबकीय थर सुटतो, बुरशी धरते. बुरशी लागलेली एक फ्लॉपी ड्राइव्हचे हेड खराब करते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. म्हणून जाणकार आधी चकती तपासतात, कडेची खाच चिकटपट्टीने बंद करतात, म्हणजे चुकून काही पुसले जात नाही. मग क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझलसारखे उपकरण जोडून चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून प्रत करतात. माहितीची उकल नंतर संगणकावर करता येते.

परवानगीचे काय?

जुने म्हणजे मोफत, असा नियम नाही. सीपी/एमच्या मालकांनी २००१ मध्ये तिच्या प्रती वाटण्यास मुभा दिली, म्हणून ती आज सहज सापडते. इतर सॉफ्टवेअरचे हक्क त्या-त्या मालकाकडे असू शकतात आणि अनेकदा तो मालकच उरलेला नसतो. तोवर चकतीवरचा थर मात्र झिजतच राहतो. कपाटात सव्वापाच इंची फ्लॉपी असेल, तर ती भंगारात देण्याआधी प्रत करून घेणे शहाणपणाचे.