हिमालयाचे पदयात्री काका कालेलकर

सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून ज्यांच्या घराण्याला आडनाव मिळाले, त्या दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकरांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. वडील सरकारी नोकरीत. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचे शिक्षणही कारवार, धारवाड, बेळगाव असे फिरत राहिले. १९०७ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर पुढे ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. विद्यालयाची राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारला खपली नाही आणि १९१२ साली ते बंद पडले. शाळाच नाहीशी झालेल्या शिक्षकाने काय करावे? कालेलकरांनी संसार मागे ठेवून मोक्षाच्या शोधार्थ हिमालयाची वाट धरली.

अनंतबुवा मर्ढेकर व स्वामी आनंद हे त्यांचे सोबती. आज मोटारी बद्रीनाथपर्यंत जातात. त्या काळी यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ ही चारही धामे पायांनीच गाठावी लागत. रात्र चट्टीवर काढायची. चट्टी म्हणजे वाटेवरचा साधा निवारा. तेथील दुकानदाराकडून शिधा घ्यावा आणि आपण रांधून खावे. गंगोत्रीहून केदारकडे जाणारी यात्रेकरूंची पायवाट पवालीच्या डोंगरधारेवरून जाई. ही धार अकरा हजार फुटांहून उंच. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, ते ५,४०० फुटांचे, हे ध्यानात घेतले म्हणजे पवालीच्या चढणीची यात्रेकरूंना एवढी धास्ती का वाटे, ते कळेल. वर झाडे मागे राहतात. नुसती गवताळ कुरणे आणि समोर हिमशिखरांची रांग.

घरी राहिलेल्या पत्नीने ते दिवस कसे काढले असतील, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

१९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि मोक्षार्थी पुन्हा शिक्षक झाला. साबरमती आश्रमातील विद्यार्थ्यांसाठी कालेलकरांनी आपली यात्रा लिहून काढली, तीही मोठेपणी आत्मसात केलेल्या गुजराती भाषेत! १९२४ साली ‘हिमालयनो प्रवास’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. पुढे त्यांनी देशातील नद्या, सरोवरे व धबधबे यांवरही विपुल लिहिले. आपला गिरसप्पा त्यांत आहेच. २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते निवर्तले.

केदारनाथच्या वर, चोराबारी हिमनदीपाशी, सुमारे १२,८०० फुटांवर एक तळे होते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तेथे विसर्जित झाला आणि ते गांधी सरोवर म्हणून ओळखले जाऊ लागले. जून २०१३ च्या अतिवृष्टीत त्याचा काठ फुटला. खाली गौरीकुंडाहून केदारला चढणारी यात्रेकरूंची जुनी वाट, रामबाड्याच्या चट्टीसह, त्या लोंढ्यात वाहून गेली.