एकदाच खणता येणारं पान

मित्रांनो, सेमिनारचे दिवस आले की हॉस्टेलमध्ये काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. सहा-सहा महिने प्रोजेक्टवर राबलेली मुलं शेवटच्या रात्री पेनड्राईव्ह घेऊन रूम-रूम फिरतात आणि पहाटेपर्यंत पीपीटी ‘उरकून’ टाकतात. प्रोजेक्ट म्हणजे खरं काम आणि प्रेझेंटेशन म्हणजे वरची सजावट, असं आपण सगळेच धरून चालतो. ज्यांना असं धरून चालणं परवडणारंच नव्हतं, अशा एका संशोधकाबद्दल मला लिहायचं आहे. त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटतात, पण त्यांच्या मोठ्या कामांपैकी दोन आपल्याच जिल्ह्यातली आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, एका गुजराती कुटुंबात झाला. शाळेच्या वयातच लोकमान्य टिळकांचं आर्यांच्या मूलस्थानावरचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. ते वाचून त्यांनी ठरवलं की आपणही भारताच्या प्राचीन काळाचाच अभ्यास करायचा. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांच्याकडे शिकताना त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. मग ते लंडनला गेले आणि गुजरातच्या पुरातत्त्वावर १९३७ साली पीएच.डी. मिळवली. तिथे असताना मॉर्टिमर व्हीलर या नामांकित पुरातत्त्वज्ञाच्या मेडन कॅसल इथल्या उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष मातीत काम केलं. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं, तेव्हा ते तिथे प्राध्यापक झाले आणि पुढची सगळी कारकीर्द तिथेच घडली.

आता मुद्द्याची गोष्ट. आपला प्रयोग फसला तर आपण लॅबमध्ये जाऊन पुन्हा रीडिंग घेतो. पुरातत्त्वात ती सोय नाही. टेकाड खणलं की मातीचे थर कायमचे गेले. कोणतं भांडं कोणत्या थरात होतं, राख कुठे होती, चूल कुठे होती, हे त्याच वेळी नोंदवलं नाही तर जगातला कुठलाही विद्वान ते परत सांगू शकत नाही. पुस्तकाचं एकेक पान वाचायचं आणि वाचता वाचता फाडून टाकायचं, असं हे काम आहे. मागे उरतात त्या फक्त नोंदी, फोटो, नकाशे आणि अहवाल. म्हणजे इथे सादरीकरण ही संशोधनानंतरची पायरी नाही, संशोधन म्हणून जे शिल्लक राहतं ते तेच!

१९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकबरोबर संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी आणि नळीसारखी तोटी, अशी तिथली मडकी होती. नंतर तशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी मिळाली आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हेच नाव पडलं. १९५४ ते ५६ या काळात प्रवराकाठच्या नेवाशाला मोठं उत्खनन झालं. घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं सापडली. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. रोमशी व्यापार चालायचा त्या काळातल्या मद्यकुंभांचे तुकडेही निघाले. एका गावात अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे सहा कालखंड!

एवढा पसारा समोरच्याला समजेल असा मांडायचा कसा? अहवालाच्या नावातच उत्तर आहे. १९६० साली निघालेल्या त्या इंग्रजी ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘नेवाशात इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा होतो. खणताना आधी वरचा, ओळखीचा काळ लागतो आणि मग खालचा, अनोळखी. वाचकाला ते त्याच वाटेने नेतात. आपण मात्र पहिल्याच स्लाईडवर इक्वेशन टाकतो आणि समोरचे सर घड्याळ बघू लागतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या शास्त्रातल्या चित्रांची. भांड्याचं चित्र काढताना अर्ध्या बाजूला छेद आणि अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप दाखवायची पद्धत आहे. फर्स्ट इयरच्या ड्रॉईंगमधला हाफ सेक्शन आठवला ना? जाडी, आकार आणि नक्षी एकाच चित्रात कळते. फोटोत मोजपट्टी असते, नाहीतर भांडं वाटीएवढं की रांजणाएवढं हे कळणार कसं? खड्ड्याच्या भिंतीवरचे थर नंबर देऊन काढतात, म्हणजे ज्याला निष्कर्ष पटत नाही तो स्वतः तपासू शकतो. आपल्या ग्राफवर कित्येकदा युनिटसुद्धा नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. सांकलियांची मातृभाषा गुजराती, शोधनिबंधांची भाषा इंग्रजी. तरी १९७६ मध्ये त्यांनी म. श्री. माटे यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वावर मराठीत पुस्तक लिहिलं. ज्यांच्या गावातल्या टेकाडांवर हे सारं उभं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचायला नको का? गावोगावच्या जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते. त्या मातीत काय आहे हे गावाला कळलंच नाही तर ती वाचणार कशी? आणि नेवासं तर असं गाव, जिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी संस्कृतातली गीता मराठीत उलगडून सांगितली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्याला स्वतःचा प्रोजेक्ट मराठीत सांगायचा म्हटलं की दुसऱ्या वाक्यालाच अडखळायला होतं. पण जे आईला समजावता येत नाही, ते आपल्याला तरी कितीसं समजलंय?

सांकलियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. नेवाशातले ते थर आज कुणालाच पुन्हा उलगडून बघता येणार नाहीत. पण अहवाल उघडला की कुठल्या थरात काय होतं ते आजही कळतं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सेमिनारच्या आदल्या रात्री पीपीटी उघडाल तेव्हा एवढंच बघा. उद्या आपलं मॉडेल मोडलं, वही हरवली आणि फक्त या बारा-पंधरा स्लाईड्स उरल्या, तर आपण काय केलं ते कुणाला कळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर झोपायला अजून वेळ आहे!