इंटरनेटचे पत्ते सांभाळणारा माणूस

आज सकाळपासून तुम्ही किती वेबसाइट उघडल्यात ते आठवा. कॉलेजची, रेल्वे बुकिंगची, निकालाची. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी काहीतरी होतंच: डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी. ही शेपटं कोणती असावीत आणि कोणाच्या ताब्यात द्यावीत, याची यादी बरीच वर्षं एकाच माणसाकडे होती. लांब दाढी, पायात सँडल, नाव जॉन पोस्टेल.

6 ऑगस्ट 1943 रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेले पोस्टेल 1969 मध्ये तुमच्यासारखेच विद्यार्थी होते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली त्यांची लॅब अर्पानेटशी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाशी, सगळ्यात आधी जोडली गेली. नेटवर्कवर कुठल्या कामाला कोणता नंबर दिलाय, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती. हे कंटाळवाणं काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्याच वर्षी त्यांचे सहकारी स्टीव्ह क्रॉकर यांनी नेटवर्कबद्दलच्या टिपणांची मालिका सुरू केली. तिचं नाव ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. नाव नीट वाचा. हुकूम नाही, मत सांगण्याची विनंती आहे. पुढे या मालिकेचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं. कोणीही टिपण पाठवावं, बाकीच्यांनी चुका काढाव्यात, मग ते सुधारावं, अशी ही पद्धत. तुमचा ईमेल ज्या नियमाने जातो, त्याचं 1982 चं टिपण त्यांनीच लिहिलंय.

1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत तयार केली आणि पुढच्याच वर्षी पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी डॉट कॉम, डॉट एज्यु वगैरे नावांचे नियम मांडले. देशांची नावं आली तेव्हा पंचाईत होती. देश कोणता आणि कोणता नाही, हे एका इंजिनीअरने कसं ठरवायचं? त्यांनी ते ठरवलंच नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाण यादीत ज्या देशाला दोन अक्षरं, त्यालाच डोमेन. आपलं डॉट इन 1989 मध्ये असंच मिळालं. डोमेन सांभाळणारा हा मालक नसून विश्वस्त आहे, हे त्यांनी 1994 मध्ये लिहूनही ठेवलं.

पण तोवर इंटरनेटमध्ये पैसा शिरला होता. 1995 मध्ये डॉट कॉम नोंदवायला दोन वर्षांचे 100 डॉलर लागू लागले आणि ही नोंदणी अमेरिकी सरकारच्या कंत्राटाने एकाच कंपनीच्या हातात होती. नवी डोमेन आणून ही मक्तेदारी मोडावी, असं पोस्टेल यांना वाटत होतं. 28 जानेवारी 1998 ला त्यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला: मुख्य यादी यापुढे कंपनीकडून न घेता माझ्याकडून घ्या. त्यांनी ऐकलं. सामान्य वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, व्हाइट हाउस मात्र हादरलं. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. पण एका माणसाच्या शब्दावर किती काही चालतंय, हे सगळ्यांना दिसलं.

आता खरी परीक्षा. जून 1998 मध्ये सरकारने जाहीर केलं की हा कारभार एका ना-नफा संस्थेकडे जाईल आणि तिची रचना इंटरनेटवाल्यांनीच एकमताने सुचवावी. कंपनीचं कंत्राट 30 सप्टेंबरला संपत होतं. म्हणजे हातात चार महिनेसुद्धा नाहीत! चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये एकमत व्हायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माहितीय. इथे इंजिनीअर, ट्रेडमार्कवाले वकील, कंपन्या, सरकारं, सगळेच होते. रेस्टन, जिनिव्हा, सिंगापूर, ब्युनोस आयर्स इथे बैठका झाल्या. इकडे पोस्टेल यांनी संस्थेच्या घटनेचा मसुदा खुला केला, सूचना घेतल्या, बदलला, पुन्हा खुला केला. असं पाच वेळा.

सगळे खूश होते का? अजिबात नाही. शेवटचे निर्णय बंद दाराआड झाले, पहिल्या संचालकांची नावं कशी निवडली ते कळलंच नाही, अशी टीका झाली. ती रास्तच होती. 30 वर्षं पोस्टेल यांचं काम विश्वासावर चाललं होतं, कारण बहुतेक जण त्यांना ओळखत होते. आता ज्यांना ते ओळखीचे नव्हते, त्यांना माणसाचा शब्द पुरेसा नव्हता. प्रक्रिया दिसायला हवी होती. आणि ती दाखवायलाच वेळ नव्हता.

पाचवा मसुदा 2 ऑक्टोबरला सरकारकडे गेला. 7 ऑक्टोबरला पोस्टेल यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. 16 ऑक्टोबरला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे ते गेले. वय अवघं 55. गंमत बघा, ज्या कंत्राटामुळे एवढी धावपळ झाली, त्याची मुदत शेवटी 2000 पर्यंत वाढवली गेली. टीकेचाही उपयोग झाला. सरकारने पारदर्शकता वाढवायला लावली, घटना पुन्हा बदलली आणि नोव्हेंबरमध्ये आयकॅन या नव्या संस्थेशी करार झाला.

आज आयकॅन आपले बहुतेक प्रस्ताव जाहीर मतांसाठी साधारण 40 दिवस खुले ठेवते. हे तुमच्यापासून लांबचं वाटतंय? डोमेन नावांत देवनागरीची कोणती अक्षरं चालतील, याचा मसुदाही असाच लोकांसमोर ठेवला होता. त्यात मराठीतल्या ‘वाऱ्या’मधल्या ऱ चा विचार झालाय. हा र हिंदीत लागत नाही. तो आपल्याला हवा, हे मुदतीच्या आत कोणालातरी सांगावंच लागतं. पुढच्या वेळी ते सांगणारे तुम्हीही असू शकता.